वारें आणि आळस

एखाद्याचे हातपाय एकाएकीं लुळे पडले म्हणजे ‘त्याच्यावरून वारें गेलें’ असें आपल्याकडे म्हणतात. हा शब्दप्रयोग ज्यानें प्रथम केला त्याच्या कल्पकतेचें कौतुक केलेंच पाहिजे. वारें दिसत नाहीं, त्याला घर नाहीं, हेतु नाहीं. तें कोणावरून जाईल याचा नेम नाहीं. धडधाकट माणूस रात्रीं जेवून निजतो आणि सकाळीं त्याला कूस बदलतां येत नाहीं, या घटनेंतील गूढ आणि भय त्या दोन शब्दांत पुरतें उतरलें आहे. पण या शब्दप्रयोगांत एक उणीवही आहे, आणि ती जीवघेणी आहे. वाऱ्याला जाब विचारतां येत नाहीं. तें कोठून आलें, कशानें आलें, परत फिरेल कीं काय, हे प्रश्न त्यांत संभवतच नाहींत. जें वाऱ्यानें नेलें तें गेलें, असें म्हणून घरचीं माणसें तेलाची वाटी आणि देवाचा अंगारा घेऊन रोग्याच्या उशाशीं बसतात.

याच्या अगदीं उलट टोकाला दुसरा एक शब्द आहे, तो म्हणजे ‘आळस’. अंगांतलें बळ पुरतें गेलें तर तें वारें; पण तें अर्धेंमुर्धें गेलें, सकाळीं असलें आणि संध्याकाळीं नसलें, एका कामाला पुरलें आणि दुसऱ्याला पुरलें नाहीं, तर त्याला आपण वारें म्हणत नाहीं. तेथें आळस, ढोंग, अंगचोरपणा हे शब्द तयार असतात. वारें गेलेल्याची आपण कींव करतों, आळशाची निर्भर्त्सना करतों. वास्तविक हे दोन शब्द म्हणजे एका विस्तीर्ण प्रदेशाच्या दोन वेशी आहेत, आणि मधल्या प्रदेशांत जे राहतात त्यांना आपल्या बोलींत नांवच नाहीं. ‘अशक्तपणा’ म्हणावें तर तो तापांतून उठलेल्यालाही असतो आणि उपास केलेल्यालाही. आमच्या घरांतील एक व्यक्ति त्या निनांवी प्रदेशांत सात वर्षें राहून आली. तिची हकीकत योग्य स्थळीं सांगेन. तिच्यामुळेंच या विषयाची जिज्ञासा म्हणा, खंत म्हणा, मला लागून राहिली आहे.

आमच्या पूर्वजांनीं सगळेंच वाऱ्यावर सोडलें होतें असें मात्र नव्हे. चरकसंहितेंत वाताचे ८० विकार मोजून दाखविले आहेत. अर्धें अंग जातें तो पक्षवध, तोंड वाकडें होतें तें अर्दित, असा भेदही केला आहे. वाताची उपपत्ति आज कोणी मानो वा न मानो. ‘कोणता भाग गेला?’ हा प्रश्न त्या वैद्यांनीं विचारला होता, हें महत्त्वाचें आहे. बोलीभाषेनें त्यांचें उत्तर तेवढें उचललें आणि प्रश्न टाकून दिला.

मी वैद्य नव्हे. आयुष्यभर शाळेंत गणित शिकविलें. पण माझ्या एका डॉक्टर स्नेह्यांनीं एकदां पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनें पांच टिंबें काढून आणि तीं एका रेघेनें जोडून मला या विषयाची जी दीक्षा दिली, ती मी विसरलेलों नाहीं. पाण्याचा तांब्या उचलावयाचें आपण मनांत आणतों. तो हुकूम मेंदूच्या वरच्या थरांतून सुटतो, खालीं उतरतां उतरतां मेंदूच्या तळाशीं बाजू बदलतो, म्हणजे डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे जातो, आणि पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत येतो. तेथें दुसरी एक पेशी तो आपल्या ताब्यांत घेते. तिच्यापासून निघालेला तंतु दंडांतून थेट हाताच्या स्नायूपर्यंत जातो; पण तो स्नायूला चिकटलेला नसतो. मध्यें केंसाहूनही कितीतरी सूक्ष्म अशी एक फट असते. ती ओलांडण्याकरितां तंतूच्या टोकांतून असेटिलकोलीन नांवाचें द्रव्य सुटतें, तें पलीकडे स्नायूवर जाऊन बसतें, आणि मग स्नायु आंखडतो. मेंदू, मज्जारज्जु, तंतु, फट आणि स्नायु असे हे पांच टप्पे आहेत. त्यांपैकीं कोठेंही हुकूम अडला तरी बाहेरून एवढेंच दिसतें कीं, तांब्या उचलला गेला नाहीं. गाडी मुक्कामाला आली नाहीं म्हणजे ती मध्यें कोठें अडली आहे हें फलाटावर उभें राहून कळत नाहीं, तशांतला हा प्रकार. म्हणून डॉक्टर प्रथम तीन साधे प्रश्न विचारतो: बळ कोठलें गेलें, केव्हां गेलें आणि कसें गेलें?

पहिला टप्पा मेंदूचा. ‘वारें’ हा शब्द बहुतकरून याच ठिकाणच्या आघाताला लागतो. मेंदूच्या एका भागाकडे रक्त नेणारी नलिका गुठळीनें बुजते किंवा फुटते, आणि पाहतां पाहतां शरीराची विरुद्ध बाजू लुळी पडते. उजवें अंग गेलें तर पुष्कळदां वाचाही जाते, कारण बहुतेकांचें वाणीचें केंद्र मेंदूच्या डाव्या भागांत असतें. नलिका बुजली कीं फुटली हें रोग्याकडे नुसतें पाहून खात्रीनें सांगतां येत नाहीं, आणि दोहोंचे उपचार तर परस्परविरुद्ध. गुठळी विरघळविणारें औषध फुटलेल्या नलिकेच्या रोग्याला दिलें तर तें विषच ठरावयाचें. म्हणून आधीं मेंदूचें चित्र घ्यावें लागतें, आणि तें औषध पहिलें लक्षण दिसल्यापासून सामान्यतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें.

आपल्याकडे लकव्यावर कबुतराचें रक्त चोळण्याचा प्रघात अजून कोठें कोठें आहे. त्यानें गुण येतो अशी अनेकांची खात्री असते, आणि ती खात्री कशी उत्पन्न होते हेंही समजण्याजोगें आहे. केवळ तोंड वाकडें होतें असा एक निराळा विकार आहे. चार्ल्स बेल या स्कॉच शस्त्रवैद्याचें नांव त्याला मिळालें आहे. त्यांत मेंदू निर्दोष असतो. चेहऱ्याकडे जाणारा तंतु तेवढा सुजलेला असतो, आणि बहुतेक रोगी कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात. पहिल्या तीन दिवसांत योग्य औषध मिळालें तर पूर्ण बरे होण्याचा संभव वाढतो. न मिळालें तरी पुष्कळांचा चेहरा पूर्ववत् होतो. त्याचें श्रेय कबुतराला मिळतें, आणि तें श्रेय ऐकून मेंदूच्या आघाताचा दुसरा रोगी आपले मोलाचे साडेचार तास कबुतर शोधण्यांत घालवितो. एका नांवाखालीं दोन रोग कोंबले म्हणजे असें होतें.

दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे मज्जारज्जूंत, हुकूम ताब्यांत घेणाऱ्या पेशींचाच नेमका घात करणारा रोग म्हणजे पोलिओ. माझ्या पिढीच्या शाळेंत कुबडी घेतलेलें किंवा पायाला लोखंडी पट्ट्या बांधलेलें एखादें मूल नसे, असें क्वचितच होई. हा विषाणु मुख्यतः तोंडावाटें पोटांत जातो. ज्यांना त्याचा संसर्ग होतो त्यांपैकीं २०० मुलांत साधारणपणें एकाचेच हातपाय कायमचे लुळे पडतात. बाकीच्यांना थोडा ताप येतो किंवा तेवढेंही होत नाहीं. गल्लींतलीं सगळीं मुलें एकाच आडाचें पाणी पितात आणि एकाच मुलाचा पाय वाळतो, हें पाहिल्यावर लोकांनीं वाऱ्याला दोष दिला तर नवल कसलें? पण शास्त्रज्ञांनीं वाऱ्याला जाब विचारला. १९५५ सालीं जोनास साल्कची लस आली, मागून साबीनची तोंडानें घेण्याची लस आली. १९९५ पासून आपल्या देशांत गांवोगांव दोन थेंबांचे दिवस पाळले जाऊं लागले. वन्य विषाणूच्या पोलिओचा भारतांतील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं बंगालमधील हावडा जिल्ह्यांत सांपडला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं भारत पोलिओमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र मिळालें. जें युगानुयुगें वारें होतें तें एका पिढीच्या डोळ्यांदेखत थांबलें.

मज्जारज्जूचा दुसरा एक शत्रु ताटांतून येतो. खेसारी नांवाची एक डाळ आहे. विदर्भांत तिला लाखोळी म्हणतात. पाऊस दगा देतो तेव्हां इतर पिकें जळतात, पण ही तग धरते. म्हणून दुष्काळांत गरिबाच्या घरीं तीच उरते. इतर अन्नाबरोबर थोडी खाल्ली तर ती सहसा बाधत नाहीं. पण महिनोन्महिने तिच्यावरच गुजराण केली तर तिच्यांतील विषानें कांहींचे पाय ताठ होतात, टांचा टेकत नाहींत, आणि माणूस काठीवर भार देऊन, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकवीत चालूं लागतो. ठगांच्या बंदोबस्ताकरितां प्रसिद्ध असलेल्या स्लीमननें १८३० नंतरच्या वर्षांत सागर प्रांतांत तरणीताठीं माणसें अशीं पांगळीं झालेलीं पाहिलीं आणि तें लिहून ठेवलें. पुढें रेवा भागांत वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळत असे, आणि तेथेंही पांगळ्यांची संख्या मोठी होती. १९६१ सालीं तिच्या विक्रीवर बंदी आली, आणि त्याच दशकांत तिच्यांतील विषाची ओळख पटली. त्या मजुरांच्या पायांतलें बळ ज्यानें नेलें तें वारें नव्हतें. तें मजुरीचें माप होतें.

तिसरा टप्पा तंतूंचा. पहिल्या महायुद्धांत, १९१६ सालीं, गिलां, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच वैद्यांनीं दोन सैनिकांचे हातपाय लुळे पडून पुन्हां बळ येऊं लागल्याचें वर्णन केलें. पहिल्या दोघांच्या नांवानें हा रोग आज ओळखला जातो. तिसऱ्याला वैद्यकाच्या इतिहासानें उगीच मागें टाकलें. प्रथम पायांना मुंग्या येतात, मग पाय जड होतात, मग मांड्या, मग हात. आणि कांहींच्या बाबतींत हा चढता लकवा श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोंचतो. बहुधा आठ-पंधरा दिवस आधीं जुलाब किंवा पडसें होऊन गेलेलें असतें. त्या जंतूशीं लढण्याकरितां शरीरानें जें सैन्य उभारलेलें असतें, तेंच चुकून आपल्या तंतूंवर तुटून पडतें. २०२५ च्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरांत या रोगाची सांथ आली तेव्हां हें अवघड फ्रेंच नांव घरोघर उच्चारलें जाऊं लागलें. कांहीं रुग्णांच्या तपासणींत कॅम्पायलोबॅक्टर हे जंतु सांपडले, आणि दूषित पाण्याकडे बोट गेलें. या रोगाचें वैशिष्ट्य असें कीं, योग्य वेळीं रक्तांतील द्रव पालटून किंवा प्रतिपिंडांची सलाईन देऊन, आणि लागल्यास यंत्रानें श्वास चालू ठेवून, रोग्याला त्या वाईट पंधरवड्यांतून पार नेलें तर बहुतेक जण पुन्हां आपल्या पायांवर चालूं लागतात. मानेपर्यंत लुळा पडलेला मनुष्य सहा महिन्यांनीं जिना चढून येतो, हें दृश्य ‘गेलें तें गेलें’ म्हणणाऱ्यांनीं एकदां पाहावें.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ सालीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं गेले. तो पोलिओच होता असें त्यांच्या डॉक्टरांनीं ठरविलें आणि जगानें मानलें. परंतु २००३ सालीं कांहीं संशोधकांनीं त्यांचीं लक्षणें पुन्हां तपासून तो बहुधा गिलां-बारेचा विकार असावा असें मत मांडलें. त्यावर एकमत झालेलें नाहीं. राष्ट्राध्यक्षाच्या बाबतींत जर दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांचा घोटाळा संभवतो, तर वाड्यांतल्या सुनेची काय कथा?

येथें मी आमच्या काकूंकडे येतों. गोष्ट १९६० नंतरच्या दशकांतली. जिल्ह्याच्या गांवीं आमचा वाडा, दोन्ही वेळां चौदा पानांची पंगत, आणि चार सुनांत काकू सर्वांत धाकट्या. पहांटे उठून त्या सडा-रांगोळी करीत, पाणी भरीत, सकाळच्या पोळ्या एकट्या लाटीत. पण दुपार कलली कीं त्यांचें बळ ओसरूं लागे. दिवेलागणीला फडताळांतला डबा काढण्यासाठीं त्यांचा हात खांद्यावर उचलत नसे. वेणी घालतां घालतां हात मध्येंच खालीं येत. भाकरीचा घांस चावतांना त्या हनुवटीला हाताचा आधार देत. चातुर्मासांत त्या पोथी वाचीत, तेव्हां पहिला अध्याय खणखणीत आणि दुसऱ्या अध्यायाच्या शेवटीं शब्द नाकांतून. डोळ्यांच्या पापण्या अशा जड होत कीं, समोरच्याला वाटावें, ही बोलतां बोलतां पेंगते आहे. रात्रीं झोंप झाली कीं सकाळीं सगळें पुन्हां जागच्या जागीं.

त्या दिवसांत आमच्या आजीच्या तोंडीं एक वाक्य असे: “सकाळीं जमतें तें संध्याकाळीं कां जमत नाहीं?” आजी दुष्ट नव्हती. तिनें स्वतः तीन बाळंतपणें उभ्यानें काढलीं होतीं, आणि ज्या कामानें आपलीं हाडें झिजलीं तें दुसरीनें टाळावें हें तिला सोसत नसे. सणावाराला पाहुणे आले, कामाचा रगाडा वाढला, कीं काकूंचें दुखणें हटकून बळावे. आणि मग घरांत डोळ्यांनीं खुणा होत. गांवच्या एका वैद्यांनीं रक्त कमी म्हणून लोहाचीं औषधें दिलीं. दुसऱ्या एकानें हा मनाचा विकार आहे, मूल झालें कीं जाईल, असें सांगितलें. मूल झालें आणि विकार वाढला. अशीं सात वर्षें गेलीं.

शेवटीं काकूंच्या भावानें त्यांना मुंबईला नेलें. तेथल्या डॉक्टरांनीं फारसें कांहीं केलें नाहीं. त्यांनीं काकूंना छताकडे टक लावून पाहावयास सांगितलें. मिनिटभरांत पापण्या खालीं सरकल्या. मग मोठ्यानें अंक म्हणावयास सांगितले. चाळिशीच्या पुढें गेल्यावर आवाज नाकांत शिरला. आणि मग डॉक्टरांनीं विचारलें, “बाई, सकाळीं जमतें तें संध्याकाळीं कां जमत नाहीं, असें तुमच्या घरीं कोणी म्हणतें का?” काकू रडूं लागल्या. त्यानंतर एक सुई टोंचली गेली. थोड्याच वेळांत पापण्या वर आल्या, आणि काकूंनीं भावाजवळ फणी मागितली. संध्याकाळची वेळ होती. सात वर्षांत प्रथमच त्यांनीं दिवेलागणीला आपला अंबाडा आपल्या हातांनीं घातला. परत आल्यावर त्यांनीं कोणाला उणें-अधिक बोल लावला नाहीं. आजीला एवढेंच म्हणाल्या, “सासूबाई, मी ढोंग करीत नव्हतें. माझें मलाच तें आतां कळलें.”

या वाक्याच्या उत्तरार्धानें मला पुढें कित्येक वर्षें अस्वस्थ केलें आहे. घरानें त्यांना आळशी म्हटलें हें एक दुःख झालें. पण सात वर्षें ऐकून ऐकून त्यांना स्वतःलाच आपल्या दुखण्याची शंका येऊं लागली होती, हें त्याहून मोठें. आणि नवल असें कीं, आजीचा प्रश्न अक्षरशः बरोबर होता. वैद्यकशास्त्रानें जो विचारावयाचा तोच तिनें विचारला होता. अंतर एवढेंच कीं, तिनें तो प्रश्न म्हणून विचारला नाहीं, आरोप म्हणून केला.

या रोगाचें नांव मायस्थेनिया ग्रेव्हिस. तो चौथ्या टप्प्यावरचा, त्या सूक्ष्म फटींतला. शरीराचेंच संरक्षक सैन्य स्नायूवरील असेटिलकोलीन झेलणाऱ्या जागा नष्ट करीत असतें. विश्रांतीनंतर द्रव्याचा सांठा भरपूर असतो, म्हणून आरंभीं हुकूम पोंचतात. वापराबरोबर पुरवठा आखडतो आणि हुकूम फटींत गळून पडतात. १६७२ सालीं थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें एका स्त्रीचें वर्णन केलें आहे. ती नीट बोलूं शकत असे, पण फार वेळ बोलली कीं तास-दोन तास तिची वाचाच बंद पडे. तें वाचतांना मला काकूंच्या पोथीचा दुसरा अध्याय आठवला. तीनशें वर्षांपूर्वीं एका वैद्यानें जें कान देऊन ऐकलें तें आमच्या वाड्यांत चौदा माणसांना ऐकूं आलें नाहीं. १९३४ सालीं लंडनजवळच्या ग्रिनिच येथील रुग्णालयांत मेरी वॉकर नांवाच्या डॉक्टरबाईंनीं यावर पहिला खरा उपाय शोधला. दक्षिण अमेरिकेंतील शिकारी बाणांना कुरारे नांवाचें विष लावतात. त्या विषानें होणारा लकवा आणि हा रोग यांत साम्य आहे, हें लक्षांत घेऊन त्यांनीं कुरारेचा उतारा असलेलें औषध आपल्या रोग्याला टोंचलें, आणि कांहीं तासांपुरतें तिचें बळ परत आलें. काकूंना आयुष्यभर घड्याळाच्या कांट्याबरोबर ज्या गोळ्या घ्याव्या लागल्या त्या याच कुळांतल्या. त्या गोळ्यांवर त्यांनीं नातवंडांचीं लग्नें पाहिलीं.

याच फटीवर आपल्याकडचे विषारी सापही घाला घालतात. मण्यार रात्रीं जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दंश पुष्कळदां दुखत नाहीं, खूणही नीट दिसत नाहीं. पहांटे पोटांत कळा येतात, आणि मग पापण्या मिटूं लागतात, गिळतां येत नाहीं, मान सांवरत नाहीं. ‘झोंपेंत वारें गेलें’ किंवा ‘बाहेरची बाधा झाली’ असें म्हणून देवऋषी बोलावला तर श्वास थांबतो. तत्काळ दवाखाना गांठून प्रतिविष आणि श्वासाचें यंत्र मिळालें तर तोच मनुष्य कांहीं दिवसांनीं चालत घरीं येतो.

पांचवा टप्पा स्नायूंचा स्वतःचा. येथें हुकूम पोंचतो, पण तो बजावणारा गडीच दुबळा झालेला असतो. तीन-चार वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, जिना चढतांना अडखळतो, आणि जमिनीवरून उठतांना आपल्याच गुडघ्यांवर व मांड्यांवर हात ठेवीत, जणूं स्वतःच्या अंगावर चढत, उभा राहतो. त्याच्या पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, त्यामुळें तो दुबळा आहे हें कोणाला पटत नाहीं. १८६० च्या दशकांत ड्युशेन या फ्रेंच वैद्यानें या रोगाचा सविस्तर अभ्यास केला. स्नायूला आंतून सांवरून धरणारें जें प्रथिन या मुलांत नसतें त्याचा शोध १९८७ सालीं लागला. हा रोग समूळ बरा करणारा उपाय अद्यापि नाहीं; औषधांनीं आणि श्वासाच्या साहाय्यानें आयुष्य लांबवितां येतें. सदोष जनुक पुष्कळदां आईकडून येतें, आणि हें कळल्यावर कांहीं घरांत मुलाच्या दुःखांत आईच्या छळाची भर पडते. जें तिनें निवडलें नाहीं, जें तिला ठाऊकही नव्हतें, त्याचा दोष तिला देणें म्हणजे आरोप करण्याची आपली हौस शास्त्राच्या भाषेंत भागविणें होय.

पण स्नायूंच्या टप्प्यावर आशेच्याही पुष्कळ जागा आहेत. एखादा तरुण रात्रीं मेजवानीला यथेच्छ जेवून निजतो आणि पहांटे त्याचे पाय उचलत नाहींत. रक्तांतील पोटॅशियम एकदम उतरलें असेल तर असें होतें. कधीं कंठांतील थायरॉईड ग्रंथि अति काम करीत असते, म्हणून होतें. वेळीं ओळखलें तर कांहीं तासांत तो चालूं लागतो. दुर्लक्ष केलें तर हृदयाची गति बिघडण्याचें भय असतें. प्रौढ स्त्रियांना जमिनीवरून उठतांना हात टेकावा लागतो, जिन्यांत कठडा धरावा लागतो, आणि आपण ‘वय झालें’ म्हणून सोडून देतों. त्यांपैकीं कित्येकींच्या अंगाला ऊन लागत नसल्यामुळें ‘ड’ जीवनसत्त्वाचा दुष्काळ असतो, कित्येकींची थायरॉईड मंदावलेली असते. दोन्ही गोष्टी साध्या रक्ततपासणीनें कळतात आणि स्वस्त औषधानें सुधारतात. असा सुधारण्याजोगा दुबळेपणा वर्षानुवर्षें स्वयंपाकघरांत उभा असतो, आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं, हें मला कित्येक असाध्य रोगांहून अधिक दुःखाचें वाटतें.

वाचक म्हणेल, आणि ज्यांना उपायच नाहीं त्यांचें काय? बरोबर आहे. लू गेरिग हा अमेरिकन चेंडूफळीचा वीर लागोपाठ २१३० सामने खेळला. १९३९ सालीं त्याचें बळ सरूं लागल्याचें निदान झालें आणि १९४१ सालीं तो गेला. त्याच कुळींतल्या रोगाचें निदान १९६३ सालीं २१ वर्षांच्या स्टीफन हॉकिंगचें झालें, आणि ते २०१८ पर्यंत जगले. दोघांच्याही बाबतींत मेंदूपासून स्नायूंपर्यंत हुकूम नेणाऱ्या पेशीच मरत होत्या, आणि त्यांना वांचविणें कोणाच्या हातीं नव्हतें. अशा ठिकाणीं नुसतें नांव कळून काय लाभ? मला वाटतें, लाभ आहे. नांव कळलें म्हणजे पुढें काय येणार तें कळतें आणि तयारी करतां येते. घर विकून भोंदूंच्या दारोदार फिरणें थांबतें. आणि बिछान्यावरच्या माणसाला, आपल्याला जमत नाहीं तें आपण करीत नाहीं म्हणून नव्हे, एवढें सर्वांसमक्ष सिद्ध झाल्याचें समाधान मिळतें. तें किती मोलाचें असतें हें आमच्या काकूंनीं एका वाक्यांत सांगितलें आहे.

वारें आणि आळस हे दोन शब्द दिसावयाला परस्परविरुद्ध. एक करुणेचा, एक तिरस्काराचा. पण दोन्हीं एकच काम करतात. तीं उत्तरें असल्याचा आव आणून प्रश्न बंद करतात. ‘वारें गेलें’ म्हटलें कीं पुढें विचारावयाचें कांहीं उरत नाहीं, आणि ‘आळशी आहे’ म्हटलें कीं तेंही उरत नाहीं. भाषेंतून हे शब्द काढून टाकावे असें मी म्हणणार नाहीं. शब्द असे कोणाच्या सांगण्यावरून जात नाहींत. परंतु घरांतलें कोणी, विशेषतः जें एरवीं तक्रार करीत नाहीं असें माणूस, ‘आज हात उचलत नाहीं’ म्हणालें, तर त्याला लगेच विशेषण लावण्यापूर्वीं क्षणभर थांबावें आणि विचारावें: कोठला हात? केव्हांपासून? सकाळीं कसा असतो? हे प्रश्न विचारावयाला वैद्यकाची पदवी लागत नाहीं. आवाज मात्र सांभाळावा लागतो. कारण तेच शब्द वरच्या पट्टींत म्हटले कीं त्यांचा आरोप होतो, आणि शेजारीं बसून म्हटले कीं तेथूनच औषधाला सुरुवात होते.